अंबादासराव आणि सात दिवसांचा कोर्स

मुलांनो, अंबादासराव डॉक्टरांशी घासाघीस करत. फीबद्दल नव्हे, फी ते निमूट देत. घासाघीस दिवसांची असे.

"सात दिवस? लई होतेत, डॉक्टर. तीनवर या."

उस्मानपुऱ्यातले आमचे डॉक्टर मुरलेले होते. सात दिवसांचं औषध द्यायचं असलं की ते दहा सांगत. अंबादासराव त्यांना सातावर आणत, विजयी चेहऱ्याने घरी येत आणि तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करत.

तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. ते आमच्याच मजल्यावर, समोरच्या घरात राहत. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यांची कांद्याची अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल लिलावात ओरडून विकून द्यायचा. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही खालच्या रस्त्यावर ऐकू जाई. मी गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवते हे त्यांनी एकदा पाहिलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही औषध घेता का हजेरी?"

मी त्यांना समजावलं की औषध मधेच सोडलं तर चिवट जंतू तेवढे उरतात, आणि पुढे त्यांच्यावर ते औषध चालत नाही.

"ताप गेला ना? मग झालं. माल उचलल्यावर बोली चालू ठेवत नसतेत, वहिनी."

त्यांच्या पत्नी सुमनताई आतून म्हणाल्या, "त्यांना नका सांगू. लग्नात सप्तपदीच्या वेळी भटजीला म्हणले होते, सात पावलं लई होतेत."

मागच्या वर्षी शेतात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. रक्तातली साखर आधीच वाढलेली होती. जखम चिघळली, गोळ्यांनी सुकली, गोळ्या थांबल्या, पुन्हा चिघळली. असं बरेचदा झालं. मधे बाजारातल्या एका औषधांच्या दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी न मागता "भारीतल्या" गोळ्या दिल्या. त्याही त्यांनी ठणका थांबेपर्यंतच घेतल्या. शेवटी पाय काळपट पडला आणि त्यांना दवाखान्यात दाखल केलं.

जखमेतल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं याची तपासणी झाली. एकच निघालं, तेही जेमतेम, आणि ते सलाईनमधूनच द्यायचं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या.

"याच्यापेक्षा भारी मागवा," अंबादासराव म्हणाले. "या वहिनींची नातवंडं फॉरेनला हायेत. तिकडून आणू."

"काका, तिकडेही हीच परिस्थिती आहे. माणसांना साध्या सर्दीला दिली, कोंबड्यांना वजन वाढायला दिली. जगभर ही औषधं इतकी वापरली गेली की जंतूंना त्यांची सवय झाली. नवी फारशी येतही नाहीत."

सांगितलेले सगळे दिवस त्यांनी ते औषध घेतलं. शेवटच्या दिवशी बाई पाय तपासत असताना ते म्हणाले, "अजून आठ दिवस वाढवा की. दहा करा पायजे तर." त्यांना आकडा वर नेताना मी प्रथमच ऐकलं.

"काका, औषध लागू पडत नाहीये. जीव वाचवायचा तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

"घोट्यापाशी भागवा."

"नाही."

ते गप्प राहिले. आपण गप्प राहिलो की समोरचा हलतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. बाई हलल्या नाहीत. सुमनताई पलंगावरची चादर ओढून सारखी करत राहिल्या.

"व्हय," ते म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना कायमचं लासूर स्टेशनला न्यायचं ठरवलं. निघण्याच्या दिवशी चौघांनी खुर्ची उचलली. मी दारात उभी होते.

"येतो, वहिनी."

"या," मी म्हणाले. जिना आम्हां दोघांनाही दिसत होता.