डाव्या अंगाची रिकामी जागा

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. छत्तीस वर्षं मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवली. सकाळभर मृतदेहाशेजारी उभं राहून दुपारी निवांत डबा खाणारा माणूस मी. तेव्हा या सदरात माझं पत्र पाहून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू द्या. त्यांच्यातले शंभरेक जण त्या दुपारी हॉलमध्ये होते. त्यांच्यासमोर मी जे जाहीर केलं, ते खोटं होतं. हे मला गेली तेरा वर्षं ठाऊक आहे आणि मी गप्प आहे.

माझी बायको सुमन जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, शेक झाला. रोज संध्याकाळी मी स्वतः व्यायाम करून घेत होतो. वर्ष गेलं. दिवाळीला ती माहेरी गेली आणि परत आली ती दारातच हात वर करून उभी राहिली.

"बघा!" म्हणाली. "गयाबाईनं तीनदा हात ठेवला फक्त."

गयाबाई म्हणजे त्यांच्या गावची सुईण. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागल्यावर लोक तिच्याकडे दुखणीखुपणी घेऊन जात. पैसे घेत नसे. कुणी ज्वारी देई, कुणी साडी.

"चोळलं का तिनं?"

"चोळत नाही, दाबत नाही. तेल नाही, मंत्र नाही. हात ठेवते आणि गप बसते. म्हणाली, सुमे, खांदा चांगला हाय गं तुजा, हितं अडकलंय." सुमननं पोटावरच्या ऑपरेशनच्या व्रणावर बोट ठेवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. वर्षभर मी जो हात ओढत होतो, तो एका निरक्षर बाईनं न ओढता वर केला होता... आणि सुमन ते येईल-जाईल त्याला सांगत होती.

मग मी ठरवलं, हिची परीक्षा घ्यायची. सगळ्यांसमोर, शास्त्रीय पद्धतीनं.

तिला आणायला मी स्वतः गाडी घेऊन गेलो. त्या गावचा मी जावई, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तिला घेऊन परतताना कंधारच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "हे शिकलात कुठे?"

"सासूनं शिकिवलं, जावईबापू. लुगड्याच्या घडीखाली डोक्याचा केस ठिवायची अन् वरून बोटानं हुडकाय लावायची. एक घडी, मंग दोन, मंग चार. सात घड्यांखालचा केस घावला तवा म्हनली, आता बाईच्या अंगाला हात लाव."

"आणि नाही सापडला तर?"

"दाबायचं न्हाई. दाबलं की हात बहिरा होतो. थांबायचं. ऐकायचं."

मी मनातल्या मनात हसलो.

कॉलेजच्या डेमॉन्स्ट्रेशन हॉलमध्ये सहा खाटा लावल्या होत्या. सहा माणसं, डोक्यापासून पायापर्यंत चादरीखाली, तोंडही झाकलेलं. पाच पेशंट होते, त्यांचे कागद सर्जरीच्या डॉ. पाठकांकडे. सहावा आलाच नाही. वेळ निघून चालली होती. मी पाठकांच्या कानात म्हणालो, "मीच झोपतो. पूर्ण निरोगी माणूसही एक हवाच की." गयाबाई बाहेर बाकावर बसली होती, तिला हे कळलं नाही.

चादरीखालून मी सगळं ऐकत होतो. पहिल्या खाटेवर ती म्हणाली, "ह्याचं डावं नडगीचं हाड कवातरी मोडलं होतं." बरोबर. दुसरीपाशी, "बाळंतपनाचं पोट फाडलंय, दोनदा." बरोबर. तिसऱ्याच्या गुडघ्याला हात लावून तिनं घोट्याचा जुना मार सांगितला, तोही बरोबर. चौथं बरोबर. पाचवंही बरोबर. हॉलमध्ये कुजबूज वाढत होती आणि चादरीखाली मला घाम फुटत होता.

मग तिचा हात माझ्या पोटावर आला. खरं सांगतो, आजवर इतक्या हातांनी मला तपासलं असेल, पण तसा हात मला ठाऊक नव्हता. वजनच नव्हतं त्याला. पाण्यावर पान टेकावं तसा. तो बरगड्यांच्या कडेनं सरकला, कमरेच्या डाव्या बाजूला थांबला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे आला. फार वेळ थांबला. माझा श्वास आपोआप संथ झाला होता. झोप येईल की काय असं वाटलं...

"ह्या मानसाच्या डाव्या अंगात काईतरी न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे काय नाही?" पाठकांनी विचारलं.

"काय ते तुमाला ठावं. मला रिकामी जागा लागून राहिली. उजवीकडलं मोठं हाय. दोघांचं काम एकलंच करून राहिलंय."

मी चादर फेकून उठून बसलो. "बाई, माझ्यात सगळं आहे. मोजून आहे!"

हॉल हसण्यानं भरून गेला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, मेंदू असेल डावीकडचा!" आणखी हशा. गयाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आसंल, जावईबापू. हात चुकला आसंल."

ते वाक्य मी फळ्यावर लिहिल्यासारखं वापरलं. "स्वतःच कबूल केलं," असं विद्यार्थ्यांना सांगितलं. एका स्थानिक दैनिकात लेख लिहिला, तिच्या नावानिशी, गावानिशी. तिच्या भागात तो वाचला गेला. लोकांचं येणं आटलं. सुमन तेवढं एकच म्हणाली, "पाच बरोबर आले ते कुणी मोजलंच नाही का हो?"

पुढच्या वर्षी लातूरला मुलीकडे गेलो असताना लघवीचा त्रास सुरू झाला. तिथेच सोनोग्राफी केली. तरुण डॉक्टर बराच वेळ माझ्या डाव्या कुशीवर यंत्र फिरवत राहिला. या कुशीवर वळा म्हणाला, त्या कुशीवर वळा म्हणाला.

"सर... डावी किडनी दिसत नाहीये."

"नीट बघा."

"बघितलं सर. जन्मतःच नसावी. उजवी त्यामुळे मोठी झालीय, दोघींचं काम करतेय." मग तो हसला, बिचारा, त्याला काय माहीत. "सर, तुम्ही अ‍ॅनाटॉमीचे ना? स्वतःची मोजली नव्हती?"

हजारो विद्यार्थ्यांना मी मूत्रपिंड दाखवलं. डावं थोडं वर असतं, उजवं थोडं खाली, हे लाख वेळा म्हटलं असेल. पोटाची सोनोग्राफी स्वतःची मात्र कधी केली नव्हती. गरजच पडली नव्हती.

सुमन म्हणाली, "उद्याच्या उद्या जळकोटला जाऊ." मी म्हणालो, जाऊ. मग परीक्षा आल्या, मग निवृत्ती आली, मग गुडघे आले. योगायोग असेल, अशी स्वतःची समजूत घातली. रिपोर्ट कपाटात गेला.

तो बाहेर आला गेल्या वर्षी. माझी एक जुनी विद्यार्थिनी लातूरला फिजिओथेरपिस्टांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेत होती, तिनं कौतुकानं मला पहिल्या रांगेत बसवलं. विषय होता फॅशिया... म्हणजे कातडीखाली, स्नायूंभोवती, प्रत्येक अवयवाभोवती असलेली पांढरी जाळी. सबंध शरीर तिनं एकसंध बांधलेलं असतं. डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही तिला कचरा समजत होतो. "साफ करा, स्नायू दिसू द्या," असं मीच रोज ओरडायचो आणि पोरं ती खरवडून बादलीत टाकायची. आता कळतंय की तिच्यात संवेदनांचे तंतू दाटीनं असतात. जिवंत शरीरात तिच्या थरांत पाणी खेळतं. आम्ही स्लाइडसाठी ते वाळवायचो, म्हणून आम्हाला ते कधी दिसलंच नाही. पोटावरचा व्रण हिच्यामार्फत खांदा धरून ठेवू शकतो.

मग ती मुलगी एका विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दाबू नका. दाबलं की काही कळत नाही. थांबा. ऐका."

मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो.

आठवड्यानं सुमनला घेऊन गयाबाईच्या दारात गेलो. अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. केस पांढरे झालेले, हात तेच.

"या, जावईबापू. सुमे, पानी दे गं त्यान्ला, घाम आलाय."

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सोनोग्राफी, किडनी, इतक्या वर्षांचं गप्प राहणं, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी न्हवती?"

"नव्हती. कधीच नव्हती. तुमचं बरोबर होतं."

मग मी विचारलं, "मग त्या दिवशी हात चुकला असं का म्हणालात?"

"मंग काय करू? चादर काडली तर आत गावचा जावई! चारचौघांत जावयाला खोटं पाडायचं का? सुमीला काय तोंड दाखिवलं असतं?" ती थोडी हसली आणि थांबली. "पर एकदा तोंडानं म्हनलं ना बाप्पा... मंग लोकं बी तेच म्हनाय लागली. ऐकून ऐकून मलाच खरं वाटाय लागलं. नातीचं पोट दुखाय लागलं तर मी हात लावाय भ्याले. म्हनलं, आपला हात चुकतो. दोन दिस गेले. उदगीरला नेली तवा अपेंडिक फुटलं होतं."

"कशी आहे ती?" सुमननं घाबरून विचारलं.

"वाचली. पर म्हैनाभर पडून होती."

मी तिच्या पायाशी वाकलो तर ती मागे सरकून ओरडली, "आवो, जावयानं पाया पडायचं नसतंय! पाप लागंल मला!"

मी म्हणालो, हे सगळं लिहून छापणार आहे. नाव घालू का?

"तवा इचारलं होतं का?" म्हणाली. "घाला की. आता कामून भेता?"

मग ती सुपाकडे वळली, पण हात तुरीत गेला नाही. तळहात उलटेपालटे करून बघत राहिली. एकाएकी कुडाकडे तोंड करून तिनं हाक दिली, "शांते! मान आखडलीय म्हनून राहिली होतीस ना गं? ये हिकडं."

शेजारीण ओल्या हातानंच आली. "मावशे, तू तर हात लावत न्हाईस ना आता?"

"गप बस. आडवी हो."

गयाबाईचा हात शांताच्या मानेच्या वर हवेतच अडला. मग टेकला. शांताचे डोळे हळूहळू मिटले. गयाबाईनं मान जराशी तिरकी केली, आतलं कुणी हळू आवाजात बोलत असावं तशी. मी छत्तीस वर्षं हात शिकवले... हाडं, स्नायू, नसा, सगळं. असा हात पाहिला नव्हता.

जुना व्रण, मोडलेलं हाड, हे त्या जाळीतून जाणवू शकतं, हे आता मी समजू शकतो. पण किडनी? चादर, कातडी, चरबी, आतडी, त्यांच्याही मागे. ओढ नाही, व्रण नाही, जे जन्मापासून नव्हतंच ते तिनं बोटांनी कसं ऐकलं? मी पुस्तकं उलथली, त्या विद्यार्थिनीला विचारलं, लातूरच्या त्या सोनोग्राफीवाल्यालाही विचारलं. कुणापाशी उत्तर नाही. माझ्यापाशीही नाही.

माझ्यापाशी फक्त एक दुरुस्ती आहे. त्या दुपारचा निकाल सहापैकी पाच असा लागायला हवा होता, मी तो शून्य लावला. खरा निकाल सहापैकी सहा होता.