घरातला वाटा नको म्हणणारे बिमलबाबू

कोलकात्याच्या बेहाला भागात आमच्या समोरच्या घरात सुरमादी राहायच्या. घर त्यांच्याच नावावर. पहिले यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दीपांजन बंगळूरला, मुलगी शर्बरी सॉल्ट लेकला. साठी उलटल्यावर त्यांनी बिमलेंदु बागचींशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि गल्लीला चघळायला विषय मिळाला. बिमलबाबू होमिओपॅथीच्या दुकानात कंपाउंडर होते. सुरमादी गुडघ्यांसाठी गोळ्या आणायला जायच्या, तिथली ही ओळख. ते आले तेव्हा हातात एक बॅग आणि काखेत छत्री, एवढाच त्यांचा संसार.

"घर बघून आलाय," आमचे हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

शर्बरीने तर आईच्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरला नेऊन दाखवल्या. साखरेच्या गोळ्या, त्यांत काय निघणार? तरी तिने त्या बंद करायला लावल्याच. बिमलबाबू एका शब्दाने बोलले नाहीत. माणूस इतका गप्प राहिला की आणखीच संशय येतो.

मग एकदा ते कोपऱ्यावरच्या दुकानात घराच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना दिसले. चार दिवसांनी सुरमादींना टॅक्सीत घालून अलीपूरच्या वकीलबाईंकडे घेऊन गेले. शर्बरीला कोणी कळवलं कोण जाणे, पण ती मागोमाग तिथे पोचली. पुढचं मला सुरमादींनीच सांगितलं.

"आईकडून काय लिहून घेताय?"

"मृत्युपत्र," बिमलबाबू म्हणाले.

"वाटलंच मला!"

"आधी बसा," वकीलबाई म्हणाल्या. "आईने काहीच लिहिलं नाही, तर त्यांच्यामागे घराचे तीन सारखे वाटे होतील. तुमचा, भावाचा आणि यांचा. हे गृहस्थ आपला वाटा नको म्हणून मागे लागलेत."

"असं कोणी उगाच करतं का?"

"मग तूच एक्झिक्यूटर हो," सुरमादी वैतागून म्हणाल्या. "माझ्यामागे कोर्टात तू जा, प्रोबेट तू काढ. मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने सांगेपर्यंत घर कोणाच्याच नावावर होत नाही. मग तर झालं?"

घर दोन्ही मुलांना अर्धं-अर्धं. सुरमादींनी फक्त एक अट घातली: बिमलबाबूंना खालच्या खोलीत हयातभर राहता यावं. साक्षीदार म्हणून मी आणि दातांचे डॉक्टर घोषाल, कारण आम्हा दोघांना त्यातून काही मिळायचं नव्हतं.

काही वर्षांनी सुरमादी गेल्या. श्राद्ध आटोपल्यावर शर्बरीने प्रोबेटसाठी अर्ज केला. कोर्टाची नोटीस सगळ्या वारसांना जाते, तशी बिमलबाबूंनाही आली. दीपांजन त्यांच्यासाठी 'हरकत नाही' असा तयार कागद घेऊन आला.

"वाचतो, मग सही करतो," बिमलबाबू म्हणाले.

आठवडे गेले, सही होईना. "आता खरं रूप दिसतंय," दीपांजन माझ्याकडे चहा पिताना म्हणाला. "म्हातारा अडवून धरणार." मीही मान डोलावली.

शेवटी शर्बरी मला बरोबर घेऊन त्यांच्या खोलीत गेली. "बिमलबाबू, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

त्यांनी उशीखालून कागद काढला आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच, मा," लेकीला म्हणावं तसं ते म्हणाले.

ती मोठ्याने वाचू लागली, "या घराच्या खालच्या खोलीत राहण्याचा माझा हक्कही मी स्वखुशीने..." आणि थांबली.

"बरानगरच्या आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाने असाच कागद आणला होता," बिमलबाबू म्हणाले. "मी जेवायला बसलेलो. सख्खा भाऊ, वाचायचं काय? केली सही. थोड्याच दिवसांत माझं अंथरूण रस्त्यावर. तेव्हापासून कोणाच्या घरात वाटा नको वाटतो गं. पण पाठ टेकायला जागा तर लागते ना?"

शर्बरीने तिथूनच फोन लावला. "दादा, ते राहण्याचं वाक्य कोणी घातलं?"

"वकिलाने घातलं असेल. छापीलच असतात ते कागद."

"छापील कागदात आपली खालची खोली कशी आली रे?"

पलीकडून फोन बंद झाला.

शर्बरीने नवा कागद करून घेतला. बिमलबाबूंनी तो दोनदा वाचला, मला एकदा वाचायला लावला आणि मगच सही केली. प्रोबेट मिळायला दीड वर्ष लागलं. आता घर भावाबहिणीच्या नावावर आहे. दीपांजनला ते विकायचंय, पण खाली माणूस राहतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक मागे फिरतं. म्हातारा तुला फितवतोय, असं तो बहिणीला अजून ऐकवतो. तो आला की बिमलबाबू आतून कडी लावून घेतात.

शर्बरी रविवारी माशाचं कालवण घेऊन येते आणि त्यांच्यासोबतच जेवते. वरच्या मजल्याच्या किल्ल्या मात्र तिने त्यांच्याकडे दिलेल्या नाहीत. त्यांनीही कधी मागितल्या नाहीत.