वीस बाय दहाचा फ्लेक्स आणि चतुराबाई

चतुराबाई ढमाले पडल्या. एकशे त्र्याण्णव मतांनी. हे पहिल्याच दमात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त निकालात रस आहे त्यांनी इथेच पान उलटावं. त्या का पडल्या हे मला सांगायचंय, आणि ते सांगताना मी गोड बोलणार नाही.

ढमाले मळा म्हणजे चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला चिकटलेली आमची वस्ती. पूर्वी इथे ऊस होता, आता खोल्या आहेत. चतुराबाई पंधराव्या वर्षी सून होऊन आल्या. पुढे जमीन कारखान्यासाठी गेली आणि नवरा, धोंडीबा, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. स्वतःच्या बांधावर दुसऱ्यांच्या गाड्यांना सलाम ठोकत माणसाने वीस वर्षं काढली आणि गेला. बाईंनी उरलेल्या तुकड्यावर बारा खोल्या बांधल्या. पत्र्याच्या, एका ओळीत, टोकाला शेळ्यांची शेड. भाडेकरू आधी लातूर-परभणीचे आले, मग बिहारचे, मग बंगालचे. बाई कागद मागत नसत. दोनच गोष्टी विचारायच्या: पिऊन दंगा करणार का, आणि आई आहे का. आई असली की तिचा फोन नंबर ओट्याच्या भिंतीवर खडूने लिहायच्या. पोरगं तापाने फणफणलं की त्या नंबरावर फोन जायचा. भाषा कळायची नाही, पण दोघी बायका बरोबर बोलायच्या.

सात नंबरच्या खोलीत रफिकुल, सादिक आणि त्यांच्या गावची आणखी दोन पोरं राहायची. पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातली. चाकणला एका पेंट शॉपमध्ये कंत्राटी कामाला, सहा वर्षं झालेली.

आता कुलदीपचं ऐका. कुलदीप ढमाले हा बाईंच्या चुलत दिराचा मुलगा. महापालिकेची निवडणूक चार वर्षं लागलीच नाही, आणि ती चारही वर्षं हा गडी चौकाचौकात ‘भावी नगरसेवक’ म्हणून लटकत होता. शेवटी निवडणूक लागली तर आमची जागा महिलेसाठी निघाली. मग भावी नगरसेवकाने बायकोला, मिनलला, उभं केलं. मशीनवर नाव तिचं, पत्रकावर तोंड ह्याचं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात त्याने भाड्याच्या खोल्यांचा टँकर बंद केला होता. पाणी फक्त मतदारांना, म्हणे. चतुराबाई टँकरपुढे जाऊन मांडी घालून बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, घाल अंगावर, सुतक तुझ्या मालकालाच लागंल. टँकरचा पाइप सात नंबरच्या पिंपात गेला. त्या दिवशी आम्ही ठरवलं की उभं करायचं तर हिलाच. पक्ष नाही, पैसा नाही. चिन्ह मिळालं कपबशी. घरातल्या खऱ्या कपबश्या हातात घेऊन आम्ही पंधरा बायका दारोदार फिरलो. लोक हसले, मग दार उघडायला लागले. मतदानाला आठवडा उरला तेव्हा मी छातीठोकपणे सांगत होते की आपण येतोय.

ते कुलदीपलाही कळलं होतं.

मतदानाला सहा दिवस असताना दुपारी पोलीस चौकीची गाडी आली आणि सात नंबरच्या चौघांना घेऊन गेली. कुलदीपने निवेदन दिलं होतं: गेल्या दोन महिन्यांत मळ्यात संशयित बांगलादेशी आले असून ग्रामस्थांपैकी कुणी त्यांना ओळखत नाही. आधार कार्डं दाखवली तर ती खोटी असतील म्हणून बाजूला ठेवली. बंगाली बोलतात, एवढा पुरावा बास झाला. तासाभरात व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर. ज्या पोरांनी गणपतीचा मंडप फुकट रंगवून दिला, त्यांना मंडळाचेच लोक घुसखोर म्हणत होते. लाज वाटत नव्हती एकालाही.

संध्याकाळी कुलदीप स्वतः बाईंच्या ओट्यावर आला. मी तिथेच होते. पाया पडला, चहा घेतला. मग म्हणाला, त्यांना उद्या पुढच्या तपासाला दुसरीकडे हलवणार आहेत आणि तिथून कुठे जातील ते आपल्या हातात नाही.

“काकू, तुमी एवढंच लिवून द्या का ह्ये आपले भाडेकरू न्हाईत. इषय मिटला. न्हाईतर नोंदणी केली न्हाई म्हणून केस तुमच्यावर व्हईल.”

“आन त्यांच्या आयांना काय लिवून देऊ?”

तो हसला आणि कप न विसळता गेला.

बाई लगेच उठल्या, चपला घातल्या. चौकीत जाऊन सांगते म्हणाल्या. आणि त्यांना अडवलं कुणी? मी. मी सांगितलं की घाई नको, आज गेलात तर भावकीची सगळी मतं गेली, वकिलाला विचारू, सकाळी ठरवू. पंधरा वर्षं मोर्चे काढलेली बाई मी, आणि ऐन वेळी कुलदीपसारखाच हिशेब केला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चपला काढल्या.

सकाळी मी गेले तर बाई शेळ्यांच्या शेडवर चढलेल्या. पत्र्यावरचे दगड बाजूला सारून वर टाकलेला जुना फ्लेक्स ओढत होत्या. आमच्याकडे कुणाचाही वाढदिवस संपला की त्याचा फ्लेक्स कुणाच्या तरी छपरावर जातो. पाणी थोपवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हा वीस बाय दहाचा होता. पांढरी बाजू वर, छापलेली बाजू खाली शेळ्यांकडे. खाली टाकून उलटा केला आणि मला कळलं.

कुलदीपचा २०२२ सालचा वाढदिवस. तेव्हा मागे माणसं आहेत हे दाखवायला त्याला चेहरे हवे होते आणि गावातले पुरत नव्हते. त्याच्या पोरांनी खोल्याखोल्यांतून भाडेकरूंचे पासपोर्ट फोटो गोळा केले. फोटो दे, टँकरला नंबर लाव. त्या फ्लेक्सवर कुलदीप गॉगल लावून उभा, आणि खाली चौसष्ट चेहरे. दुसऱ्या रांगेत रफिकुल, सादिक, बाकीचे दोघं. खाली ठळक अक्षरात: शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ, ढमाले मळा. तारखेसकट.

बाईंनी तो गुंडाळून डोक्यावर घेतला. लेंड्यांचा वास येत होता. आम्ही पंधराजणी मागे. बाजारातून गेलो तेव्हा कुणी विचारलं, मामी, कुणाचा वाढदिवस? बाई म्हणाल्या, कुलदीपचा, उतरवायला चाललेय.

चौकीच्या अंगणात त्यांनी फ्लेक्स अंथरला. फौजदार बाहेर आला, आधी ओरडला, मग वाचायला लागला. कुलदीपला बोलावणं गेलं. तो आला, खाली बघितलं आणि म्हणाला की असले फ्लेक्स पोरं छापतात, त्याला काय माहीत.

“पोरं छापत्यात,” बाई म्हणाल्या, “मग खाली समस्त ग्रामस्थ कुनी लिवलं? तवा तू त्यांना गावचं केलंस. आता तुला वळखू येईनात व्हय?”

कुलदीप मोबाइलमध्ये बघायला लागला. फौजदाराने बाईंना समजावलं की सहा वर्षं भाडेकरू ठेवले आणि नोंदणी केली नाही असं लिहून दिलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, निवडणुकीत आहात, विचार करा. बाई म्हणाल्या, लिवा. मी वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. मग भिंतीवरचे चार नंबर, जे त्यांना पाठ होते, एकामागून एक सांगितले आणि फौजदाराला म्हणाल्या, ह्यांच्या आयांना इचारा पोरगं कुटलं हाय ते.

फौजदाराने सगळ्यांसमोर फोन लावले. तिकडच्या पंचायतीतून कागदांचे फोटो आले. दुपारी तिघं सुटले.

तिघंच. सादिकला सकाळी साडेसातच्या गाडीतून पुढे पाठवलं होतं. पहिल्या गाडीत जागा एकाचीच होती. आदल्या संध्याकाळी बाई चपला घालून निघाल्या होत्या, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिलंय.

त्याची आई गावाकडे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिली, आम्ही इकडे वकील गाठला. त्याला सोडवायला एकोणीस दिवस लागले. दरम्यान मतदान झालं. भावकीने मतं फिरवली, भिंतींवर ‘बांगलादेशींची आई’ असं लिहून गेले. आणि ज्यांच्यासाठी बाईंनी सही केली त्यांचं एकही मत इथे नव्हतं. त्यांची नावं मालद्याच्या यादीत. हे बाईंना सही करताना माहीत होतं. मळ्यातल्या शहाण्यांनो, तुमच्यापैकी कुणी असा तोट्याचा सौदा डोळे उघडे ठेवून केलाय कधी?

सादिक आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. बाईंनी त्याच्याकडून शिकलेलं एकच वाक्य त्याला विचारलं, भात खेयेछो? म्हणजे, जेवलास का? तो ओट्यावर बसला आणि खूप वेळ रडला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, दीदी, छोडो. मी नाही सोडणार.

परवा मिनलच्या विजयाचा फ्लेक्स चौकात लागला. चेहरे एकशे दहा, मी मोजले. भाडेकरू एकही नाही. चतुराबाई खाली उभ्या राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि दोर बांधणाऱ्या माणसाला म्हणाल्या, “उतरवशील तवा माज्याकडं आणून टाक. सात नंबरचा पत्रा गळतोय.”