आमच्या घरात तसं कुणी न्हाई

"हा ऑटिझम आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि आरूच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली. आरू रडली नाही. तिनं टेबलावरची दुसरी पेन्सिल उचलली आणि खोडरबराशेजारी सरळ रेषेत ठेवली.

जालन्याच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत आम्ही तिघी होतो. मी, माझी साडेतीन वर्षांची लेक आराध्या, म्हणजे आरू, आणि माझ्या सासूबाई. आमचे हे मोसंबीच्या तोडीमुळं घरी थांबले होते. मी रडले नाही, कारण मला तेव्हा काही कळलंच नव्हतं. कळलं असतं तरी सासूबाईंसमोर रडले नसते.

हे वाचणाऱ्यांतलं कुणीतरी उद्या त्याच खुर्चीवर बसणार आहे, म्हणून मॅडमनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असणं. तो ताप नाही, वेड नाही, करणी तर नाहीच. अशा मुलाला आवाजाचा, गर्दीचा, कुणी हात लावल्याचा त्रास होऊ शकतो. बोलणं उशिरा येतं किंवा वेगळं येतं. रोजची गोष्ट रोजच्यासारखी झाली नाही तर ते बिथरतं. बाटलीतल्या औषधानं हे जात नाही. थेरपी असते, म्हणजे खेळातून, सवयीतून हळूहळू शिकवणं.

त्याआधी आमची बेरा टेस्ट झाली होती. बेरा म्हणजे लेकराला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून ऐकू येतं की नाही ते बघतात. आरू हाक मारल्यावर वळायची नाही, म्हणून आम्ही तिला बहिरी समजत होतो. टेस्ट नॉर्मल आली. सासूबाईंनी तिथंच कुलदैवताला नारळ बोलला. मला मात्र धडकी भरली. ऐकू येतंय आणि तरी वळत नाही, मग झालंय काय?

मॅडम प्रश्न विचारत गेल्या. चवड्यांवर चालते का? कुकरच्या शिट्टीला कान झाकते का? वस्तूंच्या रांगा लावते का? मी प्रत्येकाला हो म्हणत होते आणि प्रत्येक हो म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच माणूस येत होतं. मग त्यांनी फॅमिली हिस्टरी विचारली, म्हणजे घराण्यात आधी असं कुणी होतं का. सासूबाईंनी मला तोंड उघडू दिलं नाही.

"आमच्या घरात तसं कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "बिलकुल न्हाई."

अंबडच्या एसटीत बसल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "मामी, आन् चंद्राआत्या?"

"तिचं येगळं. तिला लहानपणी ताप आल्ता."

चंद्राआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. वय साठीच्या पुढं. लग्न झालं नाही. दिवसभरात चार शब्द बोलल्या तर बोलल्या. ओट्यावर चिंचोक्यांच्या रांगा लावत बसतात. पोळ्याला हलगी वाजली की कान झाकून कडब्याच्या गंजीमागं जातात. गावानं त्यांना येडी ठरवलं आणि विषय संपवला. आरू कुणाजवळ बसत नाही, पण आत्यांजवळ बसते. दोघी एकमेकींकडं बघत नाहीत. चिंचोके मात्र एकाच रांगेत लागतात.

घरी आल्यावर कारणांचा पाऊस सुरू झाला. मी मोबाईल दिला म्हणून झालं. मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. सिझेरियन झालं म्हणून, माझ्या माहेरचं रक्त तसलं म्हणून. मग कुणीतरी मेसेज पाठवला की अमेरिकेत, इंग्लंडात, जपानात सगळीकडं ही लेकरं वाढत चाललीत आणि हा सगळा लशीचा प्रताप आहे. म्हणजे अमेरिकेतल्या बाईनंही ग्रहणात भाजी चिरली असणार. हे मी मोठ्यानं म्हटलं. घरात कुणी हसलं नाही.

"आमच्या टायमाला असली लेकरं नव्हती," सासूबाई म्हणायच्या. मागं ओट्यावर चंद्राआत्या चिंचोके लावत असायच्या.

पुढच्या वेळी मी मॅडमना विचारलं, ही लेकरं आताच का वाढलीत? मला उत्तर हवंच होतं. दोष माझा असेल तर तो मी घेणार होते, पण कुणीतरी अंगावर टाकला म्हणून घेणार नव्हते.

त्या म्हणाल्या, "वाढलीत आणि दिसायला लागलीत, यांत फरक आहे. थोडी खरंच वाढली असतील, त्यावर अभ्यास चालू आहे. आईवडिलांचं वय, फार लवकर जन्मून वाचलेली बाळं, असे थोडे थोडे वाटे असू शकतात. पण मोठा भाग ओळखण्याचा आहे. पूर्वी अगदी ठळक असेल तेव्हाच ऑटिझम म्हणायचे. आता स्पेक्ट्रम म्हणतात, म्हणजे कमी, मध्यम, जास्त असा मोठा पट्टा धरतात. आधी हीच मुलं मतिमंद, मुकी म्हणून नोंदली जायची. मुलींकडं तर कुणी बघतच नव्हतं. गप्प मुलगी म्हणजे गुणी मुलगी."

"आन् देशादेशात फरक कशामुळं?"

"जिथं तपासणारे जास्त, निदान झालं तर शाळेत मदत मिळते, तिथं आकडा मोठा. जिथं तपासणारेच नाहीत तिथं लहान. लशीशी संबंध पुन्हा पुन्हा तपासला, सापडला नाही. मोबाईलनं ऑटिझम होतो असंही सिद्ध झालेलं नाही. तो कमी द्या, कारण बोलायला शिकायला समोर माणूस लागतं. आणि तुम्ही काही चुकलेल्या नाहीत."

तेव्हा मी रडले. आणि डोळे पुसून सांगितलं, "मॅडम, आमच्या घरात आहे. माझी आत्तेसासू."

आमच्या गल्लीत डांबावर, म्हणजे विजेच्या खांबावर, लाइट आला त्या साली लोक म्हणत होते, गावात साप वाढले. येताना एसटीत मला तेच आठवत होतं.

खरी परीक्षा पुढं आली. माझी नणंद शीतल लग्नाची. तिला बघायला जाफराबादकडचे पाहुणे येणार होते. आमच्या घरात एक रीत आहे. पाहुणे यायचे असले की चंद्राआत्यांना सकाळीच आखाड्यावर धाडायचं, म्हणजे शेतात जनावरं बांधतो त्या पत्र्याच्या शेडात. माझ्या लग्नाच्या वेळीही त्यांना तिथंच ठेवलं होतं. घरात असं माणूस आहे हे कळलं तर सोयरीक मोडते. शिरगणतीला आलेल्या मास्तरलाही त्यांचं नाव सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

सासूबाई म्हणाल्या, "आरूला आखाड्यावर घेऊन जा. आत्याला संगं ने. दोन तासाची तर बात हाय."

त्या क्षणी मला माझी लेक साठ वर्षांची दिसली. पत्र्याखाली बसलेली, घरात पोह्यांचा वास आणि ती गोठ्यात.

"मी जाणार न्हाई," मी म्हटलं. "आरू बी न्हाई. आन् आज आत्या बी न्हाई."

सासूबाईंनी लेकाला हाक मारली. हे दारात येऊन उभे राहिले, खाली बघत. मग म्हणाले, "आई, राहू दे. किती जणांला आखाड्यावर धाडशील?" लग्नानंतर इतकं मोठं वाक्य ते माझ्या बाजूनं पहिल्यांदा बोलले.

शीतल आत साडी नेसत होती. तिचे डोळे भरलेले. "वहिनी, माझं मोडलं तर?"

मी म्हटलं, "मोडलं तर माझ्यावर राग धर. पण खोटं सांगून दिलं आन् उद्या तुला आरूसारखं लेकरू झालं, मंग तुला कुठं धाडतील?" ती पदर सारखा करत राहिली.

पाहुणे आले. आरूनं पानाच्या ताटातल्या सुपाऱ्या काढून सतरंजीच्या काठानं रांग लावली. चंद्राआत्यांनी त्यातली एक वाकडी सुपारी सरळ केली. बैठकीतला एक जण म्हणाला, "ह्या लेकीला काय झालंय?"

मी सासूबाईंच्या आधी बोलले. "तिला ऑटिझम हाय. ह्या आमच्या चंद्राआत्या. त्यांला बी असंल, पण त्यांला कुणी दवाखान्यात नेलंच न्हाई." मुलाची आई ताटलीतले पोहे तसेच धरून आरूकडं बघत राहिली. चहा झाला. "कळवतो" म्हणाले. आमच्याकडं "कळवतो" म्हणजे नाही.

सोयरीक मोडली. मी इथं गोड करून सांगणार नाही. सासूबाई कितीतरी दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत, मीही मनधरणी केली नाही. शीतलनं मात्र आपणहून आरूला थेरपीला न्यायला सुरुवात केली. आरू आता पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडं नेते. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मला नाही वाटत.

कापूस वेचणी संपत आली तेव्हा एक फोन आला. त्याच मुलाची आई होती. मला वाटलं, सोयरिकीचं काही असेल.

"तुमच्या लेकीचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात वो?" तिनं विचारलं.

"कोणासाठी?"

"माझा नातू हाय, थोरल्याचा. पाच वर्साचा. तुमच्याकडं आल्तो ना, तव्हा त्याला आजोळी ठेवून आल्तो."

मी मॅडमचा वार सांगून फोन ठेवला आणि हे घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

ठरल्या दिवशी सासूबाई स्वतःच निघाल्या आमच्याबरोबर. दवाखान्याच्या बाकावर ती बाई नातवाला मांडीवर गच्च धरून बसली होती. पोरानं कान झाकलेले. सासूबाई तिच्याशेजारी जाऊन टेकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आत गेल्यावर इचारतील, घराण्यात कुणी होतं का म्हणून. मी न्हाई म्हणून सांगितल्तं. तुम्ही तसं सांगू नका."