भोंग्यावर लिहिलेले आठ ओहम

"बायकांचा आवाजच कर्कश असतो," असं माझ्या दिराने भजनी मंडळाच्या बायकांना तोंडावर सांगितलं. मुलुंडच्या देवळात सप्ताहासाठी आमचे लाऊडस्पीकर लावून बघत होतो. गाणारी बाई वरच्या सुरात गेली की भोंगा चिरकायचा. देवळाचे सेक्रेटरी म्हणाले, मग यंदा पुरुषांचंच मंडळ बसवू. बायकांनी टाळ खाली ठेवले. माझं डोकं फिरलं.

घाटकोपरला आमचं लाऊडस्पीकरचं दुकान आहे. मी चौथी शिकले, पण नवरा होता तेव्हापासून क्रॉसओव्हर मीच बांधते. जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज भोंग्याला वाटून देते ती ही बॉक्समधली सर्किटची पट्टी. भोंगा विजेला किती अडवतो ते त्याच्या पाठीवर आठ ओहम असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबून पट्टी केली की वाट लागते. सूर चढवत नेला, की एका जागी तोच भोंगा आठाचा तीस ओहम होतो. तिथे पट्टीचं गणित चुकतं, भोंग्याला नको तेवढा जोर मिळतो आणि तो किंचाळतो. म्हणून मी भोंग्याला समांतर एक कॉइल, कंडेन्सर आणि रेझिस्टन्स जोडते. तेवढा उंचवटा दबतो.

मी बॉक्स उघडला. ती जोडणी नव्हती.

"भाऊजी, ही कोणी काढली?"

"मी काढली, वहिनी. रेझिस्टन्स नुसता तापायचा. पॉवर फुकट जाते ना. आणि मी सॉफ्टवेअरमध्ये आठ ओहम टाकून डिझाइन केलंय."

"सॉफ्टवेअरने हा भोंगा बघितलाय का?"

"आता तू मला ओहम शिकवणार?"

"हो. मीटर धरा."

मी सूर काढायच्या यंत्रावरून भोंग्यात सूर चढवत नेला. आकडे त्यालाच वाचायला लावले. नऊ, चौदा, एकतीस. मी जोडणी परत सोल्डरचा डाग देऊन बसवली. गाणाऱ्या बाईंनी मघाची चढी ओळ परत गायली. स्वच्छ ऐकू आली. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे, बायकांचंच मंडळ राहू दे.

दीर वायर गुंडाळायला लागला.

"आधी या बायकांना सांगा," मी म्हटलं.

"चूक बॉक्सची होती," तो वायरकडे बघत पुटपुटला.

"बॉक्सची नाही, तुमची. माइकवर सांगा."

त्याने सांगितलं. बायकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. टाळ उचलले आणि पुढचा अभंग सुरू केला.