पेरिल्लॅ ओल्लान

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी आमच्या सहलीची बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "पेरिल्लॅ ओल्लान."

"म्हणजे पोचलो आपण," शेजारच्या गाइडनं मला सांगितलं. "इथं सगळेच म्हणतात."

मी ते शब्द तोंडात घोळवत उतरले. पोचणं म्हणजे आधी जरा गप्प होणं, असं ड्रायव्हरच्या आवाजावरून वाटलं.

तेवढ्यात आमची मंडळी उतरली. "इथं बघायचंय काय?" "बाकरवडी कुणाकडेय?" पाण्याकडे पाठ करून सगळ्यांनी फोटो काढले, रिकामी पाकिटं गवतात टाकली आणि 'चला, चला' करत सगळे बसमध्ये परतले. मला अक्षरशः शिसारी आली.

संध्याकाळी हॉटेलच्या दारात ड्रायव्हर पुन्हा तेच म्हणाला. आतून आमच्या टूरच्या स्वयंपाक्यानं वरणाला दिलेल्या फोडणीचा वास आला, आणि अख्ख्या बसनं टाळ्या पिटल्या. "पोचलो बाई एकदाचे!"