डॉक्टरांच्या गाडीची काडी

वारंगा फाट्यावर उस्तादांच्या दुकानात मला पाच वर्षं झाली होती. घर फार लांब, कोकणाच्या पार खालच्या टोकाला. सातवीत शाळा सोडली, डांबर टाकणाऱ्या टोळीबरोबर हिंडत इकडे आलो आणि फाट्यावर तापाने पडलो. टोळी पुढे निघून गेली. उस्तादांनी उचलून दुकानामागच्या खोलीत नेलं, चाचींनी पंधरा दिवस पातळ खिचडी भरवली. बरा झालो तेव्हा उस्तादांनी हातात टेस्टर दिला आणि गाड्यांचं वायरिंग शिकवलं. तरी एक दिवस हे लोक 'आता जा' म्हणतील, ही धास्ती काही जात नव्हती. ठेवून घेतलेल्या माणसाने चुकायचं नसतं, असं मी धरून चाललो होतो.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली ही गोष्ट. डोंगरकड्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जुनी परदेशी गाडी होती, लांबलचक, दुधी रंगाची. रेडिओ लावला की मागच्या मडगार्डमधून एरियलची चकचकीत काडी घर्रर्र करत आपोआप वर यायची, बंद केला की आत जायची. गावात कुणाचंही लग्न असो, नवरदेवाला आणायला डॉक्टर ती गाडी देत. त्या दिवशी तर त्यांच्या ड्रायव्हरच्याच भाच्याचं लग्न होतं. नवरदेव फाट्यावरचा, लग्न डोंगरकड्याला, विहारासमोरच्या मांडवात, बारा वाजता.

सकाळी गाडी आमच्या दुकानासमोर सजत होती, डॉक्टरही तिच्याबरोबर आले होते. फुलवाला चहाला गेला तेव्हा काडीला झेंडूची माळ मी बांधली. कुणी सांगितलं नव्हतं. फुलवाल्याचा सुती दोरा वाऱ्याने तुटेल म्हणून मी नायलॉनचा घेतला, आणि वडील मासे धरायच्या गळाला मारायचे ती गाठ मारली. ओढावी तेवढी ती आवळते. रेडिओ चालू आहे, म्हणून काडी वर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ड्रायव्हरने चावी फिरवून गाडी बंद केली. काडी माळेसकट खाली निघाली, दोन फुलं भोकात शिरली, आतून कट-कट-कट आवाज आला आणि सगळं थांबलं.

डॉक्टर झाडाखालच्या खुर्चीवरून उठले. "डोळे कुठं होते तुझे? माळ दिसली नाही?"

"साहेब, म्या न्हाई बांधली."

"चावी तर तूच फिरवलीस ना? हिचा पार्ट आता कुठंही मिळत नाही. तीस वर्षं जपली मी, अन् तू एका मिनिटात!"

सगळं वऱ्हाड ऐकत होतं. ड्रायव्हरच्या अंगावर नवा सदरा होता, त्याची बाही तो नुसती वरखाली करत राहिला. फुलवाल्याने "मी न्हाई बाबा" म्हणून हात वर केले. मी काउंटरमागे एक बल्ब तपासत होतो. तो चांगलाच होता. तरी पुन्हा तपासला.

उस्तादांनी चष्मा लावून भोकात पाहिलं. "माझी बोटं जाड. तू काढ. पण वढायचं न्हाई, बराबर?"

मी आधी फ्यूज काढला, म्हणजे मोटर मध्येच फिरायला नको. चाचींची गोधडीची सुई घेतली आणि एकेक पाकळी बाहेर काढू लागलो. काडीच्या दोन नळ्यांच्या मध्ये दोरा रुतला होता. सुई लावली की गाठ आणखी आवळायची. घाम डोळ्यांत जात होता.

"पक्कडीनं वढा की, एका झटक्यात येतीय!" वऱ्हाडातला एकजण म्हणाला.

"दात काढून राहिलो का तुझा?" उस्ताद म्हणाले. लोक हसले. ड्रायव्हर हसला नाही.

शेवटी ब्लेडच्या टोकाने दोरा कापला आणि तंतू-तंतू करून ओढला. वरचा नट काढून फ्यूज लावला, डॉक्टरांना रेडिओ लावायला सांगितलं. मोटरने ढकलली आणि अख्खी काडी माझ्या हातात आली, खाली दातांची लांब प्लॅस्टिकची पट्टी लोंबत. ती पुसून परत घातली. रेडिओ बंद केला. मोटर फिरली, पण पट्टी धरेना. पुन्हा घातली, पुन्हा तेच. अकरा वाजून गेले होते. नवरदेवाची आत्या म्हणाली, "लेकराला जीपीत बसवा आता." चौथ्या वेळी मी पट्टी फिरवून दात दुसऱ्या बाजूला केले. मोटरने ती ओढून घेतली आणि काडी सरसर आत गेली.

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मी हातातली सुई पुसत राहिलो.

उस्तादांनी खाली पडलेला दोऱ्याचा गाठीचा तुकडा उचलला आणि मला बाजूला घेतलं. "ही गाठ इकडची न्हाई."

मी मान खाली घातली.

"काहून गप बसला?"

"तुमी काढून टाकाल म्हणून."

"दोन घंटे तो माणूस भाच्याच्या लग्नात बोलणी खाऊन राहिला, अन् तू सुई फिरवून राहिला." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "जीपीत बस. लग्नात जा. त्याला सांग, चारचौघांत सांग. मग ये."

'मग ये' एवढंच धरून मी डोंगरकड्याला गेलो. लग्न लागलं, पंगत बसली. ड्रायव्हर वरणाची बादली घेऊन वाढत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्याने बादली खाली ठेवली.

"डॉक्टरसाहेब, हिकडं या! हा काय म्हणून राहिला ते ऐका!"

पुन्हा सांगावं लागलं, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "सकाळी बोललो ते चुकलं माझं." ड्रायव्हरने बादली उचलली, परत ठेवली, आणि माझ्याकडे वळून तोंड सोडलं. माझं गाव, माझा समुद्र, मला इकडे आणणारी टोळी, कुणालाच सोडलं नाही. दम लागल्यावर म्हणाला, "बस आता. जेव."

परतलो तेव्हा उस्ताद एका ट्रॅक्टरखाली होते. फक्त पाय दिसत होते.

"सांगितलं?"

"व्हय."

"काय म्हणला?"

"शिव्या दिल्या."

"लई?"

"लई."

"बरं झालं," ट्रॅक्टरखालून आवाज आला. "बाराचा पाना दे."